पोळ्याचा पहिला मान

पाखऱ्या बैलाच्या तोंडाला फेस आला, त्यानं पाय झाडले आणि तो अंगणातच आडवा झाला. माझ्या थोरल्यानं, सोपानानं, आपल्या ताटातली पुरणपोळी आधी त्याला भरवली होती. पोळ्याला बैलाच्या आधी आमच्या घरात कुणी घास घेत नाही.

धाकटा केरबा धावत आला आणि बैलाच्या गळ्यात पडून रडत ओरडला, “तुला न्हाई रं, पाखऱ्या! तुला न्हाई!”

“मग कुणाला रं, मुडद्या?” मी त्याला मानगूट धरून उठवलं.

“दरसाल तोरणाखालनं पहिली जोडी दादाच नेतो, आई. गाव त्यालाच हार घालतं. मी काय मेलोय?”

एका झेंडूच्या हारासाठी यानं सख्ख्या भावाच्या पोळीवर पिकावर मारायचं औषध ओतलं होतं. असली घाण मीच नऊ महिने पोटात वागवली.

तेवढ्यात गलका ऐकून पोलीसपाटील आले. केरबा माझ्या कानाला लागला, “साप चावला म्हण, आई. तुला माझी शपथ.”

सोपानही खाली बघत म्हणाला, “म्हण, आई. लहान हाय त्यो.”

“चाळिशीचा लहान! तुला मारायला निघाला होता त्यो.”

मी उरलेल्या पोळीचं ताट उचलून पाटलांच्या हातात दिलं.

“यात विष हाय, पाटील, आन् घालणारा हा माझ्या पोटचा. बैल मेला म्हणून ढसाढसा रडला. भाऊ वाचला, त्याचं काहीच वाटलं न्हाई याला.”