दोन पथकं आणि वर चार

"आज राज्यात एकशे वीस माणसं दगावली," भिंतीवरचा मापाडी सकाळच्या चहाच्या वेळी बोलला. "म्हणजे तुमची दोन लेझीम पथकं आणि वर चार माणसं."

शालनबाई हसल्या. नुसता आकडा लोकांच्या डोक्यात शिरत नाही, म्हणून साथ आल्यावर सरकारने हे यंत्र घरोघरी बसवलं होतं. ते ज्याला त्याला त्याच्या ओळखीच्या मापात सांगायचं. कालही एकशे वीसच गेले होते, आणि "एवढ्या मोठ्या राज्यात दोनच पथकं ना!" म्हणत शालनबाईंनी निवांत बशीत चहा ओतला होता.

"चुकलास की रे! माझ्या पथकात साठ बायका. दोन पथकांत एकशे वीस झाले. वरचे चार कुठून आणलेस?"

"कालपर्यंत साठ होत्या," मापाडी त्याच गोड आवाजात म्हणाला. "आज अठ्ठावन्न आहेत."

शालनबाईंच्या हातातली बशी कलंडली. "कोण? कोण गेल्या?"

"मापात नावं नसतात, बाई."

आतून नवऱ्याने रोजच्यासारखंच विचारलं, "काय गं, आज किती गेले?"

"दोन," शालनबाई म्हणाल्या.