व्हर्लिनची दुसरी रायफल

आमच्या विस्कॉन्सिनच्या शिकारी कॅम्पवर हरणावरचा ज्याचा नेम चुकतो, त्याच्या शर्टाचं खालचं टोक कापून भिंतीवर ठोकतात. माझ्या मेहुण्याची, व्हर्लिनची, तिथे चार टोकं लटकतात. चूक अर्थातच रायफलची. "असली बायकी बंदूक तुझ्या बहिणीलाच शोभते," म्हणत त्याने ती आपल्या बायकोच्या, जोनेलच्या, गळ्यात मारली आणि स्वतःसाठी अस्वल लोळवेल अशी दुसरी घेतली.

"बार काढताना बसणारा दणका खांद्याला सोसेल का?" मी विचारलं.

"पुरुषाचा खांदा आहे, लेका!"

पहिल्याच दिवशी जोनेलने त्या बायकी बंदुकीने भल्या थोरल्या शिंगांचा नर पाडला. व्हर्लिनने तीन बार काढले आणि एक झाड जखमी केलं. संध्याकाळी आम्ही कात्री घेऊन त्याला धरला. तो जिवाच्या आकांताने शर्ट घट्ट आवळून बसला. शेवटी दोघांनी ओढलाच, तर खांद्यावरून घसरत काहीतरी पांढरं खाली पडलं. सॅनिटरी पॅड. एकावर एक चिकटवलेले तीन.



जोनेलने ते उचलून नीट पाहिले.

"तरीच म्हटलं, माझं पाकीट इतक्यात कसं संपलं!" मग आमच्याकडे वळली. "शर्ट राहू द्या रे. हातोडा आणा."