बर्फातला नमुना

एका वसतिगृहातल्या जेवणातून विषबाधा झाल्याची तक्रार होती. कोणत्या वसतिगृहाची, हे निःपक्षपातीपणासाठी प्रयोगशाळेला कळवत नसत. नियमानुसार नमुना चुलीवरून उतरताच बर्फात ठेवून आणला होता.

"सर, मुलींना वाढतात ते दिवसभर उकाड्यात ठेवलेलं, असं तक्रारीतच आहे. जंतू तिथे वाढतात, विष तिथे बनतं. या बर्फात काय डोंबल सापडणार?" सहकारी बाई म्हणाल्या.

"बाई, आपण नमुने तपासतो, लोकांची ताटं नव्हे," असे सुनावून प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी 'अन्न निर्दोष' असा निर्वाळा दिला.

अहवाल पोहोचला त्याच संध्याकाळी त्यांच्या लेकीचा वसतिगृहातून फोन आला.

"बाबा, उलट्या थांबत नाहीत. रेक्टरबाई तुमच्या सहीचा अहवाल दाखवून म्हणतात, सोंगं पुरे! तुम्ही माझे बाबा आहात, हे मी कुणालाच सांगितलं नाही."