आठवा चौकोन

"थांबायचं नाही, दुर्गाबाई! तुमच्यामागं लाइन अडली."

हिंदुरावांनी शिट्टी तोंडातून काढली. मोशीतल्या त्या सोसायटीच्या रिकाम्या हॉलमध्ये भिंतींच्या कडेनं गोल फिरत खडूचे सात चौकोन आखलेले होते. पहिल्यात 'सायकल', दुसऱ्यात 'ट्रेडमिल', असं ठसठशीत अक्षरात लिहिलेलं. जिमची मशिनं अजून यायची होती. आज त्यांच्या जागी माणसंच उभी करून चाचणी चालली होती. ती पास झाली, की सेक्रेटरी मृदुला उद्याच ऑर्डर देणार होती.

आराखडा हिंदुरावांचा. तेहेतीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यात असेंब्ली लाइन सांभाळलेला माणूस. प्रत्येक चौकोनात चार मिनिटं, शिट्टी वाजली की पुढं. कुणी कुणासाठी खोळंबायचं नाही. सहाला आलेला माणूस साडेसहाला मोकळा. अंघोळ उरकून सातची चाकणची कंपनीची बस त्याला मिळालीच पाहिजे.

निवृत्त होऊन तीन महिने झाले होते. तेवढ्या दिवसांत "जेवलात का?" याखेरीज त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. मग एकदा जिन्यात मृदुलानं विचारलं, "काका, जिम कशी मांडावी?" दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा पाचला उठू लागले.

आज सकाळपासून ते हॉलच्या मधोमध उभे होते. चहासुद्धा उभ्यानंच घेतला.

"काका, बाथरूमला जायला गेटपास लागतो का?" सहाव्या चौकोनातून निमिष ओरडला. सगळे हसले. हिंदुराव हसले नाहीत. त्यांचं लक्ष दुर्गाबाईंकडे होतं.

दुर्गाबाई जुन्या मोशीकर. सोसायटीच्या गणपतीला अकरा प्रदक्षिणा झाल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही, हा त्यांचा रोजचा नेम. आत्ता त्या तिसऱ्या आणि चौथ्या चौकोनाच्या मध्ये भिंतीला हात टेकून उभ्या होत्या.

"बसायला जागा कुठं हाय, भाऊ?" त्यांनी हळूच विचारलं.

"लाइनवर बसायची पद्धत नाही. एक बसला की सगळे बसतात."

"मग तुमी कुठं बसायचा?"

"नाही बसलो." हिंदुरावांची मान ताठ झाली. "तेहेतीस वर्षं. लाइन चालू आहे तोवर नाही."

बोलताना त्यांचा हात नकळत उजव्या गुडघ्यावर गेला. दुर्गाबाईंनी तो पाहिला.

त्या भिंत सोडून मध्ये आल्या आणि हिंदुरावांच्या हातातला खडू त्यांनी काढून घेतला. आराखडा बिघडणार म्हणून हिंदुरावांनी तोंड उघडलं, पण तोवर बाई कमरेत वाकल्या होत्या. हिंदुरावांच्या पायांभोवती त्यांनी आठवा चौकोन काढला. मानाच्या पाहुण्याच्या पाटाभोवती काढतात, तशा चारी कोपऱ्यांत वेलीही काढल्या.

"मीबी प्रदक्षिणा घालताना मधी टेकते. देव काय रागवत न्हाई." त्यांनी खडू परत दिला. "आन् एवढ्या जणांनी फेऱ्या मारायच्या, तर मधी कुणीतरी बसलेलं पायजे."

निमिष धावत जाऊन वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला आणि वेलींना पाय न लावता त्यानं ती चौकोनात ठेवली.

मृदुला वहीत लिहीत म्हणाली, "आराखडा पास, काका. खुर्च्या दोन मागवते."

हिंदुरावांनी शिट्टी फुंकली. सायकलवरचा ट्रेडमिलवर गेला, निमिष सातव्यात आला, दुर्गाबाई चौथ्यात. कुणी अडलं नाही.

आणि लाइन चालू असताना, आयुष्यात पहिल्यांदा, हिंदुराव बसले.