दुसरबीडहून आलेलं पान

दुसरबीडला घरच्या वावरातली बीटी कपाशी आकसून वाळत होती. रोग कळला तरच गावाचं उरलेलं पीक वाचणार होतं. आईनं कुरियरनं पाठवलेल्या पानातले, प्रथिनं न बनवणारे आरएनएचे बारीक तुकडे सुचितानं पुण्याच्या प्रयोगशाळेत निरोगी कपाशीच्या जनुकीय नकाशाशी जुळवायला घेतले. जो तुकडा जुळणार नाही, तो विषाणूचा.

एकूण एक तुकडा जुळला. विषाणूचा मागमूस नाही!

तिनं धास्तावून फोन लावला. "आई, पान रोगट झाडाचंच तोडलं व्हतं ना वं?"

आई उलट चिडलीच. "तुह्या सायबायपुढं वाळकं पान कसं धाडू, माय?



अख्खं वावर पालथं घातलं, तवा कुठं हे एक धड पान भेटलं."