बासष्ट पानं

चौथ्यांदा सीडी फिरली, स्क्रीनवर रंगीत रेषांचा एक पट्टा थरथरला आणि सगळं काळं झालं. यशोधराने बटण दाबून लॅपटॉप बंद केला. शुक्रवार होता, ती नोकरीला असलेल्या आनंदनगरच्या कारखान्याला आठवड्याची सुट्टी होती, आणि सकाळी आठपासून ती जागची उठली नव्हती. मध्ये दोन तास लाइट गेली, बॅटरी तर कधीच मेलेली, म्हणून तेवढा वेळ नुसती बसून होती.

लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरल्यापासून तो सुरूच होत नव्हता. कॅम्प चारमधल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानदाराने झाकण उघडून बघितलं आणि सांगितलं, फॉरमॅट मारना पडेगा, अंदर का सब जाएगा. ते तिला चालणार नव्हतं. आत आईचं लिखाण होतं. सुंदराबाईंनी सव्वीस वर्षं आगपेट्यांच्या कारखान्यात पॅकिंग केलं, रिटायर झाल्यावर लेकीकडून टायपिंग शिकून घेतलं, आणि वर्षभर रोज दुपारी एका बोटाने त्या लिहीत होत्या.

विंडोजऐवजी टाकायच्या लिनक्स सिस्टीमची सीडी अमितने दिली होती. तो कारखान्याच्या ऑफिसात तिच्याच सोबत होता, बदलापूर गावातून यायचा. हे फुकट असतं, व्हायरसची कटकट नाही, आणि आईच्या फाइली आहेत तो डिस्कचा दुसरा भाग वगळून उरलेल्या भागात हे टाकलं तर त्यांना धक्का लागत नाही, असं तो म्हणाला होता. तुझ्या लॅपटॉपचं ग्राफिक्स मात्र त्रास देईल, स्क्रीन नीट दिसणार नाही. आणि आधी फाइली पेनड्राइव्हवर काढून घे. पेनड्राइव्ह ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहिला होता.

तिने त्याला फोन लावला. त्याने सांगितलं, सुरुवातीच्या यादीत सेफ ग्राफिक्स म्हणून आहे, ते घे.

या वेळी स्क्रीन उजळली. चित्रं मोठी मोठी, अक्षरं फाटल्यासारखी, मधोमध राखाडी पट्टा, पण उजळली. तिने डिस्कचा दुसरा भाग उघडला. 'आई' नावाचं फोल्डर तिथे होतं. खाटेवर मेथी निवडत बसलेल्या सुंदराबाई उठून आल्या, चष्मा सावरून वाकल्या आणि म्हणाल्या, उघड की, बघू तरी. नंतर, यशोधरा म्हणाली. आता कुठे चालू झालंय, परत बंद पडायचं.

इन्स्टॉलची खिडकी उघडली, पण ती स्क्रीनपेक्षा मोठी होती. खालचा भाग दिसतच नव्हता, आणि बटणं सगळी खालीच. तिने पुन्हा फोन केला. अमित म्हणाला, टॅब मोजून दाब आणि एंटर मार. तो जेवायला बसला होता. तिने भाषा निवडली, टॅब, टॅब, एंटर. शहर निवडलं, एंटर. कीबोर्ड, एंटर. प्रत्येक वेळी स्क्रीन दोनदा लुकलुकायची.

मग डिस्कचं पान आलं. कुठे टाकायचं ते इथे निवडायचं होतं. पर्याय नेमके त्या राखाडी पट्ट्याखाली होते. तिने खालचा बाण दोनदा दाबला. निवडीचा ठिपका हलला की नाही, कळेना. थांबून अमितला विचारावं असं एकदा तिच्या मनात आलं. पण मान अवघडली होती, डोळे चुरचुरत होते, आणि हे यंत्र आपल्याशी मुद्दाम वाकडं वागतंय असं तिला वाटायला लागलं होतं. तिने एंटर दाबलं. आणखी एक पान आलं, त्याचाही अर्धा मजकूर खाली बुडालेला. तिने पुन्हा एंटर दाबलं, जरा जोरातच.

वीस मिनिटांनी लॅपटॉप बंद होऊन परत सुरू झाला. अक्षरं अजून मोठीच होती, पट्टा तसाच होता, पण चालू झाला. तिने दुसरा भाग शोधला. नव्हता. पूर्ण डिस्क एकच दिसत होती, आणि रिकामी.

अमितने फोनवर तिच्याकडून सगळं दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाला, पुसलेलं परत मिळवायचं एक सॉफ्टवेअर असतं, उद्या ऑफिसात आण, करून बघू. पण आशा धरू नकोस.

यशोधराने लॅपटॉप मिटला. मेथीची जुडी संपली होती, सुंदराबाई देठं कागदात गुंडाळत होत्या.

"आई, तुझं लिहिलेलं गेलं."

"कुठे गेलं?"

"पुसलं गेलं सगळं. माझ्या हातून."

सुंदराबाईंनी कागदाची पुडी बाजूला ठेवली.

"बासष्ट पानं झाली होती," त्या म्हणाल्या. मग त्यांनी लेकीकडे बघितलं. "तू वाचलं होतंस का त्यातलं काही?"

यशोधराने नकारार्थी मान हलवली. "पूर्ण झाल्यावर वाचणार होते."

"एक पानसुद्धा नाही?"

"नाही."

सुंदराबाई रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. मग खाटेवर थोड्या भिंतीकडे सरकल्या. शेजारी एका माणसाला बसता येईल एवढी जागा झाली. "बस इथे, तोंडी सांगते," त्या म्हणाल्या.