एक तांब्या पाणी

“आम्ही परतेपर्यंत रोज एक तांब्या पिंडीवर घालायचा. खंड पडू द्यायचा नाही.” आगबोटीला निघताना यजमान वामनमास्तर भागीरथीबाईंना बजावून गेले होते. शाळेतली मुलं आणि लेक उमा यांना घेऊन ते भूमध्य समुद्रातली बेटं पाहायला गेले. भागीरथीबाई सोलापुरातच राहिल्या.

दुसऱ्याच दिवसापासून त्यांना आडाचं पाणी खारट लागू लागलं.

“गोड हाय की वो बाई, लई गोड!” शेजारची केराबाई हसायची.

पाच आड बदलून झाले, चव तीच. “देवाला खारं घालू होय?” भागीरथीबाई करवादल्या. काल त्यांनी नेम सोडला.

आज उमाचं पत्र आलं. शिक्का पंधरा दिवसांपूर्वीचा.

“आई, बोटीवरचं पाणी संपलंय. आम्ही समुद्राचंच पितो. गोड लागायचं गं! आज खारट झालं. तू काल पिंडीवर का घातलं नाहीस?”

भागीरथीबाईंनी तांब्या उचलला आणि त्या आडाकडे निघाल्या.